एक पेला दूध आणि चौदा गोळ्या

मलेरियाच्या एका औषधाबरोबर डॉक्टर एक सूचना न चुकता देतात. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. दुधाबरोबर घ्या, नाहीतर तेलातुपाचं काहीतरी खाऊन घ्या. औषधाचं नाव लुमेफॅन्ट्रिन. आर्टिमिथरच्या जोडीनं ते एकाच गोळीत येतं. आफ्रिकेत फाल्सिपॅरम मलेरियावर ही जोडी सर्रास दिली जाते, आणि आपल्या ईशान्येकडच्या राज्यांसाठी २०१३च्या राष्ट्रीय औषध धोरणानंही तीच सांगितली. लुमेफॅन्ट्रिनचा रेणू पाण्यात जवळपास विरघळतच नाही. निरोगी माणसांवर केलेल्या चाचणीत असं दिसलं, की स्निग्ध जेवणाबरोबर घेतलेलं लुमेफॅन्ट्रिन उपाशीपोटी घेतलेल्यापेक्षा सोळापट शोषलं जातं.

सोळापट! गोळी तीच, माणूस तसाच. फरक एवढाच, की पोटात थोडा स्निग्धांश होता की नव्हता.

आता ही गोळी ज्याला घ्यायची आहे तो माणूस डोळ्यांपुढे आणा. अंगात हुडहुडी भरलेली, पाठोपाठ ताप, तोंडाला चव नाही, पोटात अन्न ठरत नाही. मलेरिया जिथे जास्त आहे तिथल्या बहुतेक घरांत दूध रोज येत नाही. आलंच तर ते आधी तान्ह्याच्या वाट्याला जातं. पुढच्या अभ्यासांत कळलं, की पेलाभर दूध लागतंच असं नाही, सोया दुधाच्या चार घोटांतला स्निग्धांशही बऱ्यापैकी पुरतो. तरी मूळ गोष्ट राहतेच. औषध कारखान्यात चोख बनलं, गाडीतून, होडीतून, डोक्यावरच्या खोक्यातून गावात पोचलं, माणसानं ते गिळलंही, आणि शेवटच्या काही सेंटीमीटरांत, आतड्याच्या भिंतीपाशी येऊन अडलं.

दूध नेमकं काय करतं? आतड्यात चरबी आली की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त बाहेर पडतं. पित्तातले क्षार चरबीचे तुकडे करत करत त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनवतात. प्रत्येक पुंजका जेमतेम काही नॅनोमीटरचा. पाण्याला नको असलेला लुमेफॅन्ट्रिनचा रेणू या पुंजक्याच्या पोटात शिरतो आणि त्याच्यासोबत आतड्याच्या अस्तरापर्यंत जातो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे औषधाला अतिसूक्ष्म वाहनात बसवून इच्छित स्थळी नेण्याचं काम आपलं पित्त प्रत्येक जेवणाला करतच असतं. शास्त्रज्ञांचा प्रयत्न तेच काम माणसाच्या जेवणाखाणावर अवलंबून न ठेवता करून दाखवण्याचा आहे. औषध आधीच तेलाच्या किंवा मेदाच्या इतक्या बारीक कणांत भरून द्यायचं, की पोट भरलेलं असो वा रिकामं, ते शोषलं जावं.

मलेरियाच्या औषधांची गोष्ट सांगताना आपण बहुधा शोधांची गोष्ट सांगतो. सिंकोनाच्या सालीतून पेलेतिए आणि काव्हांतू यांनी १८२० साली पॅरिसमध्ये क्विनीन वेगळं केलं. आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडी तेच ‘कोयनेल’ झालं. हान्स आंडरझाग यांनी १९३४ साली जर्मनीत क्लोरोक्विन बनवलं. थू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथाचा धागा पकडून १९७१ साली आर्टिमिसिआ वनस्पतीचा अर्क उष्णता न देता, इथर वापरून काढला, आणि त्यासाठी २०१५चं नोबेल त्यांना मिळालं. परजीवीला मारणारे रेणू सापडत गेले. तरीही २०२३ या एका वर्षात जगात सुमारे २६ कोटी ३० लाख लोकांना मलेरिया झाला आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, पाच वर्षांच्या आतली मुलं. यामागे गरिबी आहे, डासांचं बदलतं वागणं आहे, औषधाला न जुमानणारे परजीवी आहेत. पण एक कारण असंही आहे, ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: औषध असतं, ते पोचत नाही. हे न पोचणं कधी किलोमीटरांत मोजायचं असतं, कधी नॅनोमीटरांत.

परजीवी राहतो तरी कुठे ते पाहू. डास चावला की प्लाझमोडियम या परजीवीची बारीक सुईसारखी रूपं रक्तावाटे यकृतात जातात, तिथल्या पेशींत वाढतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी हजारोंच्या संख्येनं बाहेर पडून लाल रक्तपेशींत घुसतात. लाल पेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. तिच्यात शिरलेला परजीवी स्वतःभोवती पेशीच्याच पडद्याची एक पिशवी ओढून घेतो. त्या पिशवीत त्याचं स्वतःचं आवरण, आणि त्याच्या आत त्याचं पोट म्हणता येईल अशी एक आम्ल पोकळी, जिथे तो आपलं हिमोग्लोबिन पचवतो. क्लोरोक्विनला काम करायचं असतं ते या पोकळीत. रक्तातून तिथे जायचं तर पेशीचं आवरण, पिशवीचं आवरण, परजीवीचं आवरण आणि पोकळीचं आवरण, असे चार पडदे ओलांडावे लागतात.

क्लोरोक्विन हे कसं साधतं ते मला नेहमीच फार सुंदर वाटत आलं आहे. तो रेणू सौम्य अल्कली. विद्युतभार नसताना तो पडदे सहज ओलांडतो. पण आम्ल पोकळीत पाऊल टाकताच त्याच्यावर भार चढतो, आणि भारित रेणूला परत बाहेर येता येत नाही. मासा खेकड्याच्या पिंजऱ्यात शिरावा तसा तो अडकतो. असे रेणू साठत साठत आतलं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या कित्येक पट होतं. परजीवी हिमोग्लोबिन पचवताना उरणाऱ्या विषारी हीमचे निरुपद्रवी स्फटिक करून टाकत असतो. क्लोरोक्विन ते स्फटिक बनू देत नाही, आणि परजीवी स्वतःच्याच जेवणाच्या विषानं मरतो. पुढे परजीवीनं तोड काढली. पोकळीच्या पडद्यावरच्या एका वाहक प्रथिनात बदल झाला आणि ते प्रथिन क्लोरोक्विनला बाहेर काढू लागलं. औषध निरुपयोगी झालं ते रेणूत काही बिघडलं म्हणून नव्हे. तो जिथे साठायला हवा तिथे आता साठत नव्हता.

इथेच एक विचार पुढे आला. प्रमाण कमी पडत असेल, तर औषध सगळ्या शरीरभर पसरू देण्याऐवजी थेट परजीवी असलेल्या पेशीलाच एकदम भरपूर का देऊ नये?

त्यासाठी वाहन हाताशी होतं. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बेब्रहॅम संस्थेत अॅलेक बँगहॅम यांना दिसलं, की पेशीच्या आवरणात असतात तसे मेदरेणू पाण्यात सोडले की ते आपणहून पोकळ गोलक बनतात. आत पाणी, बाहेर पाणी, मधे मेदाचा दुपदरी पापुद्रा. हेच लिपोसोम. आतल्या पाण्यात पाण्यात विरघळणारं औषध ठेवता येतं, पापुद्र्यात तेलात विरघळणारं. आणि पापुद्र्यावर खूण म्हणून प्रतिपिंड चिकटवलं, तर ते ज्याला ओळखतं त्याच पेशीला जाऊन चिकटतं.

चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत सी. एम. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी हे १९९५ साली करून दाखवलं. त्यांनी क्लोरोक्विन लिपोसोममध्ये भरलं आणि त्यावर मलेरियाग्रस्त लाल पेशी ओळखणारी प्रतिपिंडं बसवली. ज्या उंदरांमधला परजीवी साध्या क्लोरोक्विनला दाद देत नव्हता, त्यांच्यातला संसर्ग या लिपोसोमनी आटोक्यात आणला. म्हणजे निकामी ठरलेलं औषध केवळ पोचवण्याची रीत बदलल्यामुळे पुन्हा कामी आलं. पुढे २०११ साली बार्सिलोनात शावियेर फर्नांदेझ-बुस्केट्स यांच्या गटानं असेच प्रतिपिंड लावलेले लिपोसोम घेतले. प्रयोगशाळेतल्या बशीत ते परजीवी असलेल्या पेशींना चिकटले आणि निरोगी पेशींना त्यांनी स्पर्शही केला नाही. अशा वाहनातून दिलेल्या क्लोरोक्विनची परिणामकारकता साध्या क्लोरोक्विनच्या दहापट भरली.

हे वाचून आनंद होतो, तसा एक प्रश्नही पडतो. ही वाहनं शिरेतूनच द्यावी लागतात. प्रतिपिंड बनवणं महाग. लाल रक्तपेशी ही शरीरातली एक विलक्षण पेशी आहे. तिला केंद्रक नसतं आणि बाहेरचा कण गिळण्याची शक्तीही नसते, त्यामुळे वाहन तिच्या दाराशी लागलं तरी माल आत उतरवण्यासाठी वेगळी युक्ती लागते. आणि ज्या मुलाला सलाइन लावायला जवळचं रुग्णालय सापडत नाही, त्याच्यासाठी शिरेतून द्यायचं औषध कितीही हुशार असलं तरी लांबच राहतं. म्हणून गेली काही वर्षं मला लाल पेशीपेक्षा यकृताची बाजू अधिक आशादायक वाटते. तिथली गरज मोठी आहे, आणि तिथे नॅनोकणांचा एक जुना दोषच गुण ठरतो.

प्लाझमोडियमच्या जातींपैकी फाल्सिपॅरम जीव घेतो म्हणून त्याची चर्चा जास्त होते. व्हायवॅक्स सहसा जीव घेत नाही, पण तो पिच्छा सोडत नाही. यकृतात शिरलेल्या त्याच्या काही सुया वाढतच नाहीत. पेशीत शिरून त्या झोपतात, आणि कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, जाग्या होऊन पुन्हा ताप आणतात. डास चावलेला नसतो, पावसाळा सरलेला असतो, तरी हिवताप परततो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या निद्रिस्त रूपांची खात्री पटली. त्यांचं नाव झोपेच्या ग्रीक शब्दावरून आलेलं: हिप्नोझोइट. क्लोरोक्विन रक्तातले परजीवी मारतं, पण या झोपलेल्यांना हात लावत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. म्हणून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात व्हायवॅक्सच्या रुग्णाला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. आरोग्य खात्याच्या भाषेत हा ‘समूळ उपचार’.

चौदा दिवस! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. माणूस उठून कामाला लागतो. चौथ्या दिवसापासून तो निरोगी असतो, निदान त्याच्या स्वतःच्या दृष्टीनं. पुढच्या सगळ्या गोळ्या एका अशा शत्रूसाठी असतात जो दिसत नाही, दुखत नाही आणि कधी उठेल ते सांगता येत नाही. महाराष्ट्रात मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. भामरागड, एटापल्लीच्या बाजूला पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गावं दिवसचे दिवस तुटतात. अशा ठिकाणी आशाताईनं चौदा दिवस रोज दारात जाऊन गोळी समोर गिळवावी ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. धान रोवणीच्या दिवसांत पहाटे शेतावर गेलेल्या माणसाची वाट तिनं किती वेळ बघायची? गोळ्या अर्ध्यावर सुटतात. त्यात दोष माणसाचा नाही. जी गोळी चौदा दिवस घ्यावी लागते, ती पुरेशी चांगली गोळी नाही, असंच म्हणायला हवं.

प्रायमाक्विनची दुसरी अडचण गंभीर आहे. काही माणसांच्या लाल पेशींत जी६पीडी हे विकर कमी असतं. हे आनुवंशिक. पारशी, सिंधी समाजांत आणि कित्येक आदिवासी जमातींत ते तुलनेनं जास्त आढळतं. अशा माणसानं प्रायमाक्विन घेतलं तर लाल पेशी फुटू लागतात, लघवी गडद होते, रक्तक्षय होतो. या विकराच्या कमतरतेचा शोधच मुळी १९५६ साली प्रायमाक्विनमुळे लागला. म्हणजे औषधाला काम करायचं आहे यकृतात, आणि ते घात करतं रक्तात.

वाहनाची खरी गरज इथे आहे. औषध यकृतात हवं, रक्तात नको.

शरीरात कुठलाही परका कण सोडला की त्यातला मोठा वाटा यकृत ओढून घेतं. यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर कुप्फर पेशी पहारा देत बसलेल्या असतात. रक्तातून येणारे जंतू, कण, मोडक्या पेशी त्या गिळून टाकतात. कर्करोगाचं औषध नॅनोकणांत भरून गाठीकडे पाठवणाऱ्या शास्त्रज्ञांना ही यकृताची खादाडी फार जड जाते. निम्म्याहून अधिक माल वाटेतच लुटला जातो. ती चुकवण्यासाठी कणांवर पॉलिमरचं आवरण चढवण्यापासून अनेक उपाय केले जातात. मलेरियात मात्र पत्ताच यकृताचा. लूट व्हावी हीच इच्छा.

यातही एक मेख आहे. कण गिळतात कुप्फर पेशी, आणि परजीवी झोपलेला असतो त्यांच्या पलीकडच्या यकृतपेशीत. केशवाहिनीच्या भिंतीला मात्र बारीक झरोके असतात, साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे. कण त्याहून लहान असेल तर झरोक्यातून पलीकडे जातो. त्यातही तो मेदाचा असेल तर रक्तातलं ‘एपो-ई’ नावाचं प्रथिन त्याला चिकटतं, आणि यकृतपेशी त्याला आपल्या नेहमीच्या चरबीचा कण समजून आत घेते. हे केवळ कागदावरचं गणित नाही. २०१८ साली मान्यता मिळालेलं पॅटिसिरान हे मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ विकारावरचं औषध याच मार्गानं यकृतपेशीत शिरतं.

मुंबईत हा विचार त्याच्याही आधी प्रत्यक्षात उतरवला गेला होता. सांताक्रूझला एसएनडीटी महिला विद्यापीठाचं सी. यू. शाह औषधनिर्माण महाविद्यालय आहे. तिथल्या कमलिंदर सिंग आणि शर्वाणी विंगकर यांनी प्रायमाक्विन तेलाच्या दहा ते दोनशे नॅनोमीटरच्या थेंबांत भरलं, आणि तोंडावाटे उंदरांना दिलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दोन आकडे आहेत. नेहमीपेक्षा २५ टक्के कमी मात्रेत संसर्गावर तेवढाच परिणाम झाला. आणि साध्या प्रायमाक्विनच्या तुलनेत यकृतात औषध किमान ४५ टक्के जास्त पोचलं. सुई नाही, प्रतिपिंड नाही, तोंडावाटे घ्यायचा दुधाळ द्राव. मला हे काम मोठं वाटतं ते त्यातल्या साधेपणामुळे. जे गावात देता येईल, तेच त्यांनी बनवायला घेतलं.

त्याच वर्षी माटुंग्याच्या आयसीटीत, जुने लोक जिला अजूनही यूडीसीटी म्हणतात, वंदना पत्रावळे यांच्या गटानं कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन आर्टिमिथरवर काम केलं. आर्टिमिथर तेलात विरघळतं, म्हणून त्याचं इंजेक्शन तेलकट असतं आणि स्नायूत द्यावं लागतं. तिथून ते रक्तात कधी भरभर, कधी रेंगाळत येतं. मलेरिया मेंदूपर्यंत पोचलेल्या रुग्णाजवळ रेंगाळायला वेळ नसतो. या गटानं आर्टिमिथर मेदाच्या नॅनोकणांत भरून शिरेतून देता येईल असं केलं, त्याला ‘नॅनोजेक्ट’ म्हटलं, आणि उंदरांमध्ये ते बाजारातल्या तेलकट इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं. काम उत्तम होतं. पण रसायनशास्त्रानं हीच गाठ दुसऱ्या बाजूनं सोडवली होती. आर्टिमिसिनिनचंच दुसरं रूप, आर्टेसुनेट, भुकटीच्या रूपात येतं; सोड्याच्या द्रावात विरघळवलं की सरळ शिरेतून देता येतं. गंभीर मलेरियात क्विनीनपेक्षा ते जास्त जीव वाचवतं हे आशियात आणि मग आफ्रिकेत मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालं, आणि आज जगभर तेच पहिलं औषध आहे. रेणू थोडा बदलून भागत असेल तर वाहन बांधायचं कारण उरत नाही. नॅनोतंत्रज्ञानावर लिहिताना ही गोष्ट विसरली जाते, म्हणून मुद्दाम सांगितली.

वर सांगितलेले बहुतेक प्रयोग उंदरांवरचे. उंदरांना माणसाचा मलेरिया होत नाही. त्यांना प्लाझमोडियम बर्घेई या उंदीरवर्गीय प्राण्यांच्या परजीवीनं आजारी पाडतात. बर्घेई रक्तात वाढतो, यकृतातूनही जातो, पण तो झोपत नाही. त्याला हिप्नोझोइट नाहीत. म्हणजे यकृतात ४५ टक्के जास्त प्रायमाक्विन पोचलं हे खरं. पण त्यामुळे झोपलेला व्हायवॅक्स मरेल का, चौदा दिवसांचे सात किंवा तीन होतील का, हा प्रश्न उंदराला विचारताच येत नाही. तो विचारायचा तर माकडांकडे जावं लागतं, कारण माकडांतला सायनोमोल्गी हा परजीवी व्हायवॅक्ससारखाच झोपतो. पण असे प्रयोग खर्चिक, थोडे, आणि अनेकांच्या मनाला न पटणारे.

आणखी एक गुंता आहे. प्रायमाक्विन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी२डी६ हे विकर त्याचं रूपांतर करतं, आणि ती बदललेली रूपं परजीवीला मारतात. ज्यांच्यात हे विकर मंद असतं त्यांना पूर्ण चौदा गोळ्या घेऊनही ताप परत येऊ शकतो. बदललेली रूपं यकृतातून रक्तात झिरपली, तर लाल पेशींना धोका उरतोच. तेव्हा नॅनोकण औषधाला यकृताच्या दारात नेऊन सोडेल. आत गेल्यावर त्याचं काय होतं यावर त्याचा ताबा नाही. मात्रा पाऊणपट झाली तर धोका घटेल, शून्य होणार नाही. एवढं घटणंही थोडकं नाही.

चौदा दिवस टाळण्याचा दुसरा रस्ता नॅनोशिवायचाही आहे. प्रायमाक्विनचाच भाऊबंद टाफेनोक्विन २०१८ साली अमेरिकेत मान्य झाला. त्याचा अर्धायुकाल सुमारे दोन आठवडे, त्यामुळे एकच मात्रा पुरते. पण जे औषध इतके दिवस अंगात राहतं ते काढून घेता येत नाही. प्रायमाक्विनच्या चौथ्या दिवशी लघवी लाल झाली तर पाचवी गोळी थांबवता येते. टाफेनोक्विनमध्ये ती सोय नाही, म्हणून ते देण्याआधी जी६पीडी मोजून पाहावंच लागतं, आणि ते मोजणारं यंत्र गावात असावं लागतं.

हीच चिंता दीर्घकाळ टिकणाऱ्या नॅनो-इंजेक्शनांबद्दलही आहे. लिव्हरपूल आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली अॅटोव्हाक्वोन या मलेरियाच्या औषधाचे घन नॅनोकण उंदरांच्या स्नायूत टोचले. औषधाची जणू पेढीच स्नायूत उघडली, आणि तिथून ते हळूहळू रक्तात येत राहिलं. उंदरांना मलेरियापासून दीर्घ संरक्षण मिळालं, आणि गणितानुसार माणसात एका टोचणीवर किमान महिनाभर संरक्षण टिकावं. सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात पावसाळ्याच्या महिन्यांत लहान मुलांना दर महिन्याला तीन दिवस प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. त्या मुलांसाठी महिन्याला एक टोचणी किती सोयीची ठरेल! पण महिना संपत येताना औषधाचं प्रमाण उतरतं, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या प्रमाणात परजीवीला औषध पचवायला शिकण्याची संधी मिळते. अॅटोव्हाक्वोनला प्रतिकार पटकन निर्माण होतो, हे आधीपासून ठाऊक आहे. उंदरांत तरी कमी मात्रेनंतर उरलेले परजीवी औषधाला पूर्वीसारखेच बळी पडणारे निघाले, ही दिलाशाची बाब.

नॅनो-औषधं श्रीमंतांपुरतीच राहणार, असं कुणी म्हटलं की मला मुजफ्फरपूर आठवतं. बिहारमधला काळा आजार. त्यावरचं अॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला बाधतं, आणि एक दिवसाआड शिरेतून पंधरा वेळा द्यावं लागे. म्हणजे मजुराचा महिनाभर रोजगार गेला. तेच औषध शंभर नॅनोमीटरहून लहान लिपोसोममध्ये भरून श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी एकदाच दिलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एका मात्रेनं ९५.७ टक्के रुग्ण बरे झाले. महिनाभराच्या जुन्या उपचारानं ९६.३ टक्के. पुढे उत्पादक कंपनी आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यातल्या करारानं औषध दानात मिळू लागलं आणि एका दिवसाचा उपचार सरकारी रुग्णालयांत आला. एकोणतीस दिवसांचा एक दिवस झाला. याच्याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. अडचणही तिथेच दिसली: ही कुपी २५ अंशांखाली ठेवावी लागते, आणि बिहारचा मे महिना ४० अंशांचा. मलेरियाच्या गोळीला असा लाड परवडणारा नाही. ती पत्र्याच्या घरात, आशाताईच्या पिशवीत, उन्हात टिकायला हवी. म्हणून आज अनेक गट द्राव सोडून कोरड्या भुकटीकडे वळले आहेत, जी पोटात पाण्याला लागली की आपणहून नॅनोथेंब बनवते.

मलेरियाच्या लढाईत नॅनोकण एका वेगळ्या दारानं प्रत्यक्ष उतरलेही आहेत. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते ती आर२१ लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३मध्ये केली. हिपॅटायटिस बीच्या प्रथिनाला मलेरियाच्या प्रथिनाचा तुकडा जोडला की ते रेणू एकत्र येऊन विषाणूच्या आकाराचे कण बनवतात. सोबतचं सहायक द्रव्य मॅट्रिक्स-एम हेही पिंजऱ्यासारख्या नॅनोकणांचं, आणि ते चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीपासून मिळतं. दोनशे वर्षांपूर्वीचं कोयनेल आलं ते दक्षिण अमेरिकेतल्या झाडाच्या सालीतूनच.

व्हायवॅक्सच्या झोपलेल्या रूपांवरचा प्रश्न आता उंदराला विचारावा लागणार नाही, अशी सोय होते आहे. २०१८ साली साउथ फ्लोरिडा विद्यापीठातल्या गटानं ३८४ खळग्यांच्या तबकडीत मानवी यकृतपेशी वाढवल्या, त्यांत व्हायवॅक्सच्या सुया सोडल्या, आणि काही सुया खरोखर झोपी गेल्या. त्या खळग्यात औषध टाकून पाहता येतं, नॅनोथेंबात भरूनही टाकून पाहता येतं. सांताक्रूझच्या त्या दुधाळ द्रावासारखी कितीतरी मिश्रणं जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या पुराव्यावर थांबून राहिली आहेत. त्यांना विचारायचा प्रश्न आता ठरलेला आहे: किती दिवस?

चौदा, सात, की एक. तोवर भामरागडच्या रस्त्यावर आशाताईच्या पिशवीत चौदा दिवसांचं पाकीट असतं. ती ते उघडते, आजची गोळी काढते, पाण्याचा तांब्या पुढे करते, आणि उद्या कोणत्या वेळी येऊ ते विचारते.